‘स्प्रे’ची डागडुजी

प्रवासवर्णनें म्हणून जीं पुस्तकें आमच्याकडे येतात, त्यांपैकीं बहुतेकांचा प्रारंभ निघण्याच्या दिवसापासून होतो. धक्क्यावर निरोप द्यावयास आलेली मंडळी, हलणारे रुमाल, दूर जाणारा किनारा आणि लेखकाच्या डोळ्यांत उभें राहिलेलें पाणी, इतकें झालें कीं दुसऱ्या पानावर परदेश लागतो. निघण्यापूर्वीं महिना दोन महिने घरांत जी धांदल झाली असेल, जें उसनें आणलें असेल, जें घ्यावयाचें राहिलें आणि पुढें नडलें असेल, त्याचा उल्लेख सहसा आढळत नाहीं. लेखकास ती गोष्ट सांगण्याच्या योग्यतेचीच वाटत नाहीं. घरांतील बायकांना विचारलें तर त्या सांगतील कीं, अर्धा प्रवास त्यांनीं फडताळापुढें उभें राहून आधींच केलेला असतो.

ह्या रिवाजास सोडून असणारें एक पुस्तक आम्हीं नुकतेंच दुसऱ्यांदा वाचलें. कॅप्टन जोशुआ स्लोकम ह्या दर्यावर्दी पुरुषाचें ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ हें तें पुस्तक होय. प्रथम तें अमेरिकेंतील ‘सेंचुरी’ मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध झालें आणि १९०० सालीं ग्रंथरूपानें बाहेर पडलें. एकट्या माणसानें शिडाच्या लहान गलबतांतून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केल्याची ही जगांतील पहिली हकीकत. पुस्तकाची कीर्ति मोठी आहे, आणि ती बहुतांशीं त्यांतील साहसांमुळें आहे. मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ पाठीस लागलेले चांचे. मॅगेलनच्या सामुद्रधुनींत रात्रीं कोणी गलबतावर चढूं नये म्हणून डेकवर पसरून ठेवलेले अणकुचीदार खिळे. सेंट हेलेना बेटावर भेट मिळालेली आणि नकाशा खाऊन टाकणारी बकरी. हे प्रसंग ज्यानें पुस्तक उघडलें नाहीं त्यालाही ऐकून ठाऊक असतात. आम्हींही पहिल्या खेपेस तेवढ्यासाठींच पानें उलटलीं, आणि गलबत दुरुस्त करण्याचा आरंभींचा भाग ‘हें सुतारकाम’ असें म्हणून भरभर चाळून टाकला. दुसऱ्या खेपेस मात्र आमची गाडी त्या सुतारकामाशींच अडली. ह्या पुस्तकाचें खरें बळ कोठल्याही महासागरांत नसून फेअरहेवन गांवच्या एका कुरणांत आहे, असें आतां आमचें मत झालें आहे. आणि पुस्तकांत जें उणें आहे त्याचा माग काढूं गेल्यास तोही त्याच कुरणाकडे जातो.

स्लोकमचा जन्म १८४४ सालीं कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत झाला; पुढें तो अमेरिकेचा नागरिक बनला. पोरवयांत समुद्रावर गेलेला हा मनुष्य पायरीपायरीनें चढत मोठमोठ्या शिडाच्या जहाजांचा कप्तान झाला. त्याचा संसारही जहाजावरच चाले. परंतु त्याच्या कर्तृत्वाचा काळ आणि शिडाच्या जहाजांचा पडता काळ हे दोन्ही एकदमच आले. मालाची ने-आण आगबोटींनीं हस्तगत केली. १८८७ सालीं ब्राझिलच्या किनाऱ्यावर त्याचें स्वतःचें ‘अक्विडनेक’ जहाज फुटलें, तेव्हां त्यानें तेथेंच पस्तीस फूट लांबीची एक होडी बांधली आणि तींत बायकामुलांस बसवून तो अमेरिकेस परतला. होडी पाण्यांत लोटली त्याच दिवशीं, म्हणजे १३ मे १८८८ रोजीं, ब्राझिलांतील गुलामांना मुक्ति मिळाली, म्हणून त्यानें तिचें नांव ‘लिबर्दादे’ ठेवलें. हें येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, फेअरहेवनच्या कुरणांत कुऱ्हाड उचलणारा मनुष्य हौशी नव्हता. त्याच्या हाताला तें काम पूर्वींच ठाऊक होतें.

१८९२ च्या हिंवाळ्यांत हा कप्तान बोस्टन शहरांत बेकार होता. वय अठ्ठेचाळीस. हुकमत गाजवावी अशीं जहाजें उरलीं नव्हतीं. ज्यांवर एके काळीं शिडें डौलानें फुगत, त्यांच्या डोलकाठ्या छाटून कोळसा वाहण्याचे पडाव करण्यांत येत होते. गोदींत मजुरीस जावें तर आधीं तेथील संघास पन्नास डॉलर भरावे लागणार. अशा वेळीं एक जुना ओळखीचा देवमाशाच्या शिकारीचा कप्तान त्याला भेटला आणि म्हणाला कीं, फेअरहेवनला ये, तुला एक जहाज देतों. मात्र त्याला थोडी डागडुजी लागेल. स्लोकम तेथें जाऊन पाहतो तों खाऱ्या पाण्यापासून बऱ्याच अंतरावर एका शेतांत ‘स्प्रे’ नांवाचें एक अति जुनें गलबत टेकू देऊन उभें केलेलें, वरून किंतान घातलेलें. सात वर्षें तें तसेंच होतें. गांवकरी सात वर्षें विचारीत होते कीं ह्या सांगाड्याचें म्हातारा करणार तरी काय. आतां कोणीतरी हत्यारें घेऊन आलेला दिसतांच, तो तें मोडावयास आला आहे असा लोकांचा समज झाला. नव्यानें बांधणार असें त्यानें सांगितल्यावर सारे थक्क झाले. मग वर्षभर एकच प्रश्न त्याच्या कानावर येत राहिला, कीं ह्यांत घातलेला पैसा निघेल काय.

हा प्रश्न आमच्या मध्यमवर्गीय वाचकांस परका वाटणार नाहीं. पन्नाशीच्या घरांत आलेल्या, नोकरी सुटलेल्या माणसानें एखाद्या जुन्या वस्तूवर पैसा आणि वेळ घालावयास घेतला कीं, शेजारीपाजारी आणि सोयरेधायरे हेंच विचारतात. विचारण्यांत दुष्टावा नसतो, काळजीच असते. आणि म्हणूनच त्याचें उत्तर देणें कठीण जातें. स्लोकमनें ह्या प्रश्नावर व्याख्यान झोडलेलें नाहीं. पैसा निघेल असें करून दाखवीन, एवढें सांगून तो कामाकडे वळतो, आणि वाचकालाही कामाकडेच वळवतो.

आतां त्या कामाची हकीकत पाहावी. जवळच उभें असलेलें एक भक्कम ओकचें झाड त्यानें गलबताच्या कण्यासाठीं पाडलें. एका शेतकऱ्यानें थोड्या पैशांत तें ओढून आणून दिलें. बरगड्यांसाठीं सरळ वाढलेलीं कोवळीं झाडें तोडलीं. लांकूड वांकविण्यासाठीं वाफेची पेटी लागते. तिच्याकरितां त्यानें बंब म्हणून एक साधें भांडें चुलीवर चढविलें. वाफेनें मऊ झालेली बरगडी एका ओंडक्यावर वांकवून बांधून ठेवावयाची आणि निवली म्हणजे ती त्याच वळणाची राहते. एकेक बरगडी उभी राहूं लागली तों सफरचंदाच्या झाडांना मोहोर आला. पुढें चेरी पिकल्या. कुरणाच्या कडेला फार जुन्या काळांत येऊन वसलेल्या एका पूज्य पुरुषाची समाधि होती, आणि तिच्यावर वाढलेल्या झाडाच्या चेरी गलबताच्या डेकवरून हात लांबवून तोडतां येत, असें तो सांगतो. तो सांगतो आणि पुढें जातो. दुसरा एखादा लेखक ह्या समाधीवर दोन पानें लिहितां! जीर्ण गलबत, त्याच्या जागीं उभें राहणारें नवें, बाजूला थडगें आणि थडग्यावर फळें. एवढी आयती सामग्री हातीं आल्यावर आमच्यापैकीं कितीजणांनीं हात आवरला असता?

नाळेचें मुख्य लांकूड मोकळ्या कुरणांत वाढलेल्या ओकच्या बुंध्याचें. तळाच्या आणि बाजूंच्या फळ्या दीड इंच जाडीच्या, जॉर्जियाच्या पाइन लांकडाच्या. डेकखालच्या तुळया सहा इंच चौरस, तीनतीन फुटांवर एक. डेकवर दोन लहान खोल्या. एक सहा फुटांची, स्वयंपाकासाठीं, आणि मागच्या बाजूस सुमारें दहा फूट बारा फूट, राहण्यासाठीं. फळ्यांच्या सांधी प्रथम कापूस ठोकून आणि मग त्यावर दोराचा चुरा ठोकून बुजविलेल्या. हें ठोकणें चाललें असतां बघ्यांतील एकानें तें बाहेर येईल म्हणून भाकित केलें. तें आलें नाहीं. तळाला तांबड्या तांबेरंगाचे दोन हात, वरच्या भागाला पांढऱ्या सफेत्याचे दोन हात. तयार झाल्यावर लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच, आंतील खोली ४ फूट २ इंच. न्यू बेडफोर्डचे म्हातारे देवमाशाचे शिकारी अधूनमधून पाहावयास येत आणि नाळेवर हात फिरवून, ही बर्फ फोडील असा अभिप्राय देत. ते आले कीं स्लोकम हत्यार खालीं ठेवून गप्पा मारीत बसे. त्यामुळें काम लांबलें अशी त्याची तक्रार नाहीं. सामानाचा एकंदर खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट, आणि स्वतःची मेहनत तेरा महिने.

वरील परिच्छेद आम्हीं मुद्दाम आंकड्यांसह दिला आहे, कारण स्लोकमची शैली म्हणजे काय हें त्याशिवाय कळणार नाहीं. ह्या आंकड्यांत त्याचें काव्य आहे असें म्हटलें तर वाचक हंसतील. म्हणून तसें न म्हणतां एवढेंच म्हणतों कीं, त्याचा शब्द विश्वसनीय वाटण्याचें कारण ह्या आंकड्यांत आहे. त्या बासष्ट सेंटांकडे पाहा. ज्या माणसानें हिशेब ठेवतांना बासष्ट सेंट सोडले नाहींत, तो पुढें समुद्राच्या लाटेची उंची सांगूं लागला तर आपण ती वाढविलेली नसावी असें धरून चालतों. पुष्कळ प्रवासलेखक वाचकाचा विश्वास भावनेच्या जोरावर मागतात. स्लोकम तो खिळ्याफळ्यांच्या तारणावर मागतो. आणि हें तारण केवळ शोभेचें नाहीं. हिंदी महासागरांतील कीलिंग बेटांजवळ त्या नाळेच्या ओकनें पोंवळ्याच्या एका खडकाचे दोन तुकडे केले आणि तिला ओरखडाही उठला नाहीं. हें तो सुतारकाम सांगतांनाच, दोन महासागर आधीं, सांगून टाकतो. कादंबरीकारानें रहस्य म्हणून जपलें असतें तें ह्यानें लांकडाची जात सांगतांना ओघांत खर्चून टाकलें. लांकूड चांगलें होतें, इतकेंच त्याला सांगावयाचें होतें.

एक प्रश्न तो स्वतःच काढतो. जुन्या ‘स्प्रे’चें एकेक लांकूड काढून त्या जागीं नवें बसविलें, मग हें जुनेंच गलबत कीं नवें? जुनें केव्हां संपलें आणि नवें केव्हां जन्मलें हें सांगणें अवघड होतें, असें तो म्हणतो, आणि जहाजांची नोंद ठेवणाऱ्या लॉइड्सच्या नियमाचा हवाला देतो कीं, दुरुस्त होतां होतां सगळें बदललें तरी नांव तेंच राहतें. ग्रीकांच्या थीसियस राजाच्या जहाजाचा वाद आमच्या विद्वानांस परिचित आहेच. कोंकणांतील जुन्या घरांचेंही असेंच असते. आजोबांनीं वांसे बदलले, वडिलांनीं कौलें बदललीं, मुलानें जमीन उकरून फरशी घातली. तरी ‘पणजोबांनीं बांधलेलें घर’ हेंच आपण पाहुण्याला सांगतों, आणि तें खोटें नसतें.

पण येथें आम्हांस स्लोकमशीं थोडें भांडावयाचें आहे. पुस्तकाच्या शेवटीं परिशिष्ट आहे, त्यांत गलबताचे आराखडे दिले आहेत. त्यांत तो सांगतो कीं, पुन्हां बांधतांना बाजूंची उंची मध्यभागीं बारा इंच, पुढें अठरा इंच आणि मागें चौदा इंच वाढविली. म्हणजे त्यानें केवळ दुरुस्ती केली नाहीं, घाट बदलला. किनाऱ्यालगत फिरणाऱ्या गलबताचें खोल समुद्रांतलें गलबत केलें. लॉइड्सचा नियम दुरुस्तीपुरता आहे. येथें तर मालकानें जुन्या नांवाखालीं स्वतःच्या मनांतलें जहाज उभें केलें. ही गोष्ट मूळ प्रकरणांत ठसठशीतपणें सांगितली असती तर त्याचें श्रेय वाढलें असतें. परंतु कर्तबगारी सांगण्याची वेळ आली कीं हा लेखक नेहमीं विनोदाआड होतो. आपण कांहीं केलें नाहीं, जुनें गलबत होतें, थोडी डागडुजी केली, असा त्याचा आव असतो. हा आव मोहक आहे. पण तो आवच आहे.

घड्याळाच्या गोष्टींत तर तो वाचकाला सरळ चकवतो. रेखांश काढण्यासाठीं जहाजावर अचूक घड्याळ लागतें. स्लोकमचें तसलें घड्याळ पडून होतें, आणि तें साफ करण्यास पंधरा डॉलर पडले असते, म्हणून त्यानें तें घरींच ठेविलें. पुढें यारमथ बंदरांत त्यानें एक पत्र्याचें घड्याळ घेतलें. किंमत दीड डॉलर, पण तबकडी फुटलेली होती म्हणून एका डॉलरला मिळालें. वाटेंत त्याचा मिनिटकांटा गेला, बंद पडलें तेव्हां ह्यानें तें उकळत्या पाण्यांत घातलें. इतकी त्याची थट्टा पुस्तकभर चालते. वाचतांना गंमत वाटते, आणि वाचून झाल्यावर असा समज राहतो कीं एक डॉलरच्या घड्याळावर पृथ्वीप्रदक्षिणा होते. खरी गोष्ट निराळी आहे. चंद्र व ग्रहतारे ह्यांतील अंतर मोजून वेळ काढण्याची जी जुनी, किचकट, गणिताची पद्धति, ती ह्या माणसाच्या हातांतली होती. पॅसिफिकमध्यें एकदां अशा निरीक्षणाचें उत्तर चुकीचें येतांच त्यानें कोष्टकांत चूक आहे असें ठरविलें, आणि ती शोधून काढली. छापील कोष्टकाची चूक पकडणारा मनुष्य फुटक्या घड्याळाची थट्टा करूं शकतो. त्याच्या तयारीचा सर्वांत मोठा भाग गलबतावर चढविलेलाच नव्हता, तो डोक्यांत होता. आणि नेमका तोच भाग पुस्तकाच्या तयारीच्या यादींत नाहीं. पुढें अनेक हौशी लोकांनीं ‘स्प्रे’च्या प्रतिकृति बांधल्या, त्या गलबताच्या स्थैर्याविषयीं नौकाशिल्पज्ञांत तट पडले, कोणी तें आदर्श ठरविलें, कोणी तें उलटण्याचा धोका दाखविला. आम्ही त्या वादांत बोलण्यास अधिकारी नाहीं. परंतु ‘स्प्रे’ची नक्कल फळ्यांनीं होत नव्हती, एवढें पुस्तकावरूनही कळावयास हरकत नाहीं.

बाकीच्या सामानाची हकीकत थोडक्यांत आणि खुसखुशीत आहे. २४ एप्रिल १८९५ रोजीं बोस्टनहून निघून तो ग्लॉस्टर बंदरीं थांबला. तेथें टाकून दिलेली एक लहान होडी मिळाली. अखंड होडी डेकवर मावेना, म्हणून त्यानें ती मधोमध कापली आणि कापलेल्या बाजूला फळ्या मारून बंद केली. ही अर्धी होडी किनाऱ्यावर जाण्यास कामीं येई, कपडे धुण्यास येई, आणि स्नानालाही येई. तेथील कोळ्यांनीं दिवा दिला, खवळलेल्या लाटांवर टाकण्यासाठीं तेल दिलें, खारवलेले मासे दिले. पैसे देऊन घेतलेलें फार थोडें. एका बेकार कप्तानास एक अख्खें कोळ्यांचें बंदर वाटेला लावीत आहे, असा तो देखावा आहे, आणि कृतज्ञतेचे मोठे शब्द न वापरतां तो उभा केला आहे. अखेर जुलैच्या आरंभीं नोव्हा स्कोशियाचा किनारा सोडून तो अटलांटिकांत शिरला.

येथून पुढें पुस्तक सर्वांच्या परिचयाचें. आम्हांस त्यांतील एकच मुक्काम ह्या लेखाच्या दृष्टीनें पाहावयाचा आहे. १८९६ च्या जानेवारींत ‘स्प्रे’ ब्युनॉस आयर्स बंदरांत होतें. पुढें मॅगेलनची सामुद्रधुनि, म्हणून स्लोकमनें तेथें डोलकाठी उतरवून सात फूट कापली आणि नाळेपुढें आलेला दांडा सुमारें पांच फूट आखूड केला; एवढा केल्यावरही वादळांत त्याच्या टोंकाशीं जाऊन शीड आवरणें म्हणजे घरापासून पुरेसें लांब जाणें होतें, अशा अर्थाचा विनोदही त्यानें केला आहे. आतां पुस्तकाबाहेरची गोष्ट. ह्याच शहरीं बारा वर्षांपूर्वीं, १८८४ सालीं, त्याची पहिली पत्नी व्हर्जिनिया जहाजावर मरण पावली होती, आणि तिचें दफन तेथेंच झालें होतें. जी बाई त्याच्या प्रत्येक जहाजावर त्याच्याबरोबर राहिली, तिची कबर त्या शहरांत, आणि पुस्तकांत तिच्याविषयीं अक्षर नाहीं. डोलकाठी सात फूट कापली, हें आहे.

ह्या मौनाचा अर्थ काय लावावा? कांहीं टीकाकार ह्याला दर्यावर्दी पुरुषाचा संयम म्हणतील. आम्हीही तसें म्हणूं, परंतु तेवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. तेरा महिने एक मनुष्य परक्याच्या कुरणांत उन्हातान्हांत फळ्या तासतो तो कां, हें पुस्तक सांगत नाहीं. बेकारी होती, हें सांगतें. त्या बेकारीचा त्यानें विनोद केला. पण पत्नी गेलेली, जहाज फुटलेलें, धंदाच बुडालेला, दुसरा संसार किनाऱ्यावर नीट बसलेला नाहीं. अशा अवस्थेंत ज्या माणसाला जुनें मोडकें गलबत दिसतें आणि तें नव्यानें बांधावेंसें वाटतें, त्याच्या मनांत काय होतें तें कळण्याचा एकही झरोका त्यानें ठेवला नाहीं. परिणामीं पुस्तकाला एक अखंड प्रसन्नता आली आहे, आणि ती प्रसन्नता शेवटीं शेवटीं थोडी एकसुरी होते. वाचकाला वाटूं लागतें कीं ह्या मनुष्यास कशाचें कांहीं वाटतच नाहीं. तसें वाटणें म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. पण तो अन्याय लेखकानेंच ओढवून घेतला आहे.

तुलनेसाठीं दुसरें एक पुस्तक घेतों. त्याचा संबंध आमच्या मुंबईशीं आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ह्या इंग्रज खलाशानें १९६८-६९ सालीं कोठेंही न थांबतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसें करणारा तो पहिला. त्याचें ‘सुहेली’ हें बत्तीस फुटी गलबत मुंबईस बांधलेलें होतें, सागवानी लांकडाचें, आणि बहुतेक काम आमच्या सुतारांनीं हातांतल्या हत्यारांनीं केलेलें. १९६९ सालच्या आपल्या पुस्तकांत तो तयारीचें वर्णन पुष्कळ विस्तारानें करतो, याद्या देतो, डबे मोजतो. आणि ज्या सांधीनें त्याला दगा दिला तिच्याविषयींही मोकळेपणीं लिहितो. कण्याजवळची ती सांध पहिल्याच महासागरांत पाझरूं लागली. तेव्हां त्यानें पाण्याखालीं बुड्या मारमारून तिच्यांत कापूस ठोकण्याचा यत्न केला, आणि शेवटीं किंतानाच्या पट्टीवर कापूस शिवून ती पट्टी तांब्याच्या खिळ्यांनीं बाहेरून मारली. भोंवतीं शार्क घिरट्या घालूं लागला तेव्हां वर येऊन त्याला आधीं गोळी घालावी लागली. लेखक म्हणून नॉक्स-जॉन्स्टन स्लोकमच्या पासंगालाही पुरत नाहीं. त्याचें गद्य कामापुरतें आहे. पण त्याला भीति वाटली तर तो भीति वाटली असें लिहितो, चूक झाली तर कोणाची तें लिहितो, आणि घाईनें निघालों असेंही लिहितो. स्लोकमच्या सांधी गळल्या नाहींत, ही त्याच्या कामाची थोरवी. परंतु त्याच्या पुस्तकांतही कोठें सांध गळत नाहीं, हें मात्र वाचकाला खटकतें.

एक गोष्ट पुस्तकांत येणें शक्य नव्हतें, कारण ती पुढची आहे. २७ जून १८९८ रोजीं, सेहेचाळीस हजारांहून अधिक मैल तोडून, ‘स्प्रे’ न्यूपोर्टला पोंचलें. आणि थोड्याच दिवसांनीं स्लोकमनें तें फेअरहेवनला नेऊन, जलावतरणाच्या वेळीं ज्या सीडरच्या खुंटाला तें बांधलें होतें त्याच खुंटाला पुन्हां बांधलें. पुस्तक येथें संपतें. त्यानंतर अकरा वर्षें तो त्याच गलबतांतून हिंडत राहिला. हिंवाळ्यांत वेस्ट इंडिजकडे जाई, उन्हाळ्यांत परत येई. त्या काळांत ज्यांनीं गलबत पाहिलें, त्यांपैकीं कित्येकांनीं त्याच्या अव्यवस्थेविषयीं लिहून ठेवलें आहे: दोर झिजलेले, रंग उडालेला, सामान पसरलेलें. १९०९ सालच्या नोव्हेंबरांत तो पुन्हां एकटा दक्षिणेकडे निघाला आणि मग कोणाला दिसला नाहीं. न्यायालयानें १९२४ सालीं त्याला मृत ठरवितांना १४ नोव्हेंबर १९०९ ही निघण्याची तारीखच मरणाची म्हणून धरली. गलबत फुटलें, कीं आगबोटीखालीं सांपडलें, कीं म्हाताऱ्याचा पाय घसरला, हें कळण्याचा मार्ग उरला नाहीं. परंतु पहिलें प्रकरण वाचून झाल्यावर ह्या बातमीकडे वळलें कीं मन अस्वस्थ होतें. एका बरगडीसाठीं भांडें चुलीवर चढवून वाफेची वाट पाहत बसणारा माणूस झिजलेला दोर झिजलेला दिसत असून कसा राहूं देतो? वय झालें होतें, पासष्ट. पैसाही फार नव्हता. कीं तें बांधण्यासाठींच बांधलें होतें आणि बांधून व फिरवून झाल्यावर त्यांतला जीव निघून गेला होता? आम्हीं ह्याचा पुष्कळ विचार केला, पण निश्चित असें कांहीं हातीं लागलें नाहीं.

ह्या पुस्तकाचें मराठी भाषांतर करावयास कोणी घेईल तर त्यास एक सूचना करावीशी वाटते. साहसाचीं प्रकरणें कोणासही साधतील. सुतारकामाचें प्रकरण मात्र टेबलाशीं बसून होणार नाहीं, कारण तेथें कोश फार वेळ साथ देत नाहीं; नाळ, परबाण, डोलकाठी इथपर्यंत तो येतो आणि मग गप्प बसतो. भाषांतरकारानें पावसाळ्याच्या अखेरीस कोंकणांतल्या एखाद्या बंदरीं जावें. आषाढांत किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या नारळी पौर्णिमेपूर्वीं साफ होत असतात, सांधी बुजविल्या जात असतात, रंगाचे हात बसत असतात. लांकडी होड्या आतां कमी झाल्या आहेत, फायबरच्या वाढल्या आहेत. पण लांकडावर हात चालविणारे म्हातारे सुतार अजून सांपडतात. त्यांच्यापाशीं चार दिवस बसावें, कोणत्या तुकड्याला काय म्हणतात तें विचारावें, आणि ते हातांतलें काम थांबवून गप्पा मारूं लागले तर घड्याळाकडे पाहूं नये.